सरोवराकाठचे मॅडिसन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या मुलीला अमेरिकेत मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश मिळाला आहे. तिला सोडायला आम्ही दोघे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जाणार असून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत राहणार आहोत. आम्हाला तिथे गाडी चालवता येणार नाही आणि मुलगी दिवसभर कामात असेल. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या मिळाल्या आहेत. परंतु तिथली माणसे आपल्या गावात कशी वावरतात, ते समजून घेऊन राहावे असे वाटते. मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन महिन्यांची सवड आणि गाडीचा अभाव, या दोन्ही गोष्टी मॅडिसनमध्ये तुमच्या पथ्यावर पडतील. गावाचा मध्यभाग मेंडोटा आणि मोनोना या दोन सरोवरांमधल्या चिंचोळ्या भूपट्टीवर वसला आहे. तिथल्या उंचवट्यावर विस्कॉन्सिन राज्याचे विधान भवन, म्हणजे कॅपिटॉल, उभे आहे. त्याच्या पश्चिमेला मेंडोटाच्या दक्षिण काठाने विद्यापीठ पसरले आहे. आणि या दोहोंना जोडणारा स्टेट स्ट्रीट खासगी मोटारींना बंद असल्यामुळे तुम्ही तो रमतगमतही वीस मिनिटांत पार कराल. विद्यार्थिनी म्हणून तिथे राहत असताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली : जुना मॅडिसनकर नवनव्या जागा शोधत हिंडत नाही, तर ठरावीक चार-पाच जागी आठवड्याच्या ठरावीक वेळी पुन्हा पुन्हा जातो, आणि या जागा बहुतेक सर्वांच्या मालकीच्या व विनामूल्य आहेत. तुम्हीही यादी बाजूला ठेवून तेच करावे, असे मी आग्रहाने सुचवीन.

यांतली पहिली जागा म्हणजे मेमोरियल युनियनची टेरेस. १९२८ साली सुरू झालेल्या या विद्यार्थी भवनाच्या मागे सरोवरापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे अंगण आहे आणि त्यात हिरव्या, पिवळ्या व नारिंगी रंगांच्या, पाठीवर उगवत्या सूर्याची नक्षी असलेल्या लोखंडी खुर्च्या मांडलेल्या असतात. तिथे बसण्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही, कोणी ओळखपत्र विचारत नाही आणि कोणी उठवतही नाही. प्राध्यापक, निवृत्त शेतकरी, बाळाला घेऊन आलेले आईवडील असे सगळे तिथे तासन्‌तास बसतात. विद्यापीठाचे काम त्याच्या आवारापुरते न राहता राज्यातल्या प्रत्येक घरापर्यंत पोहोचले पाहिजे, हा विचार विसाव्या शतकाच्या आरंभापासून विस्कॉन्सिनमध्ये रुजलेला आहे आणि टेरेसवर बसले की तो प्रत्यक्ष दिसतो. म्हणून तिथे संकोचाने वावरू नका. मुलगी वर्गात असेल तेव्हा घरून डबा आणि एखादे पुस्तक घेऊन जा. सूर्यास्ताच्या वेळी मात्र खुर्ची मिळवायची असेल तर तासभर आधी पोहोचा. युनियनमध्ये विद्यापीठाच्याच दुग्धशाळेचे बॅबकॉक आइस्क्रीम मिळते. दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी पद्धत १८९० साली याच विद्यापीठात शोधून काढणाऱ्या स्टीफन बॅबकॉक यांचे नाव त्या दुग्धशाळेच्या इमारतीला दिलेले आहे.

दुसरी जागा शनिवार सकाळची. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात कॅपिटॉलच्या चौकाभोवती शेतकरी बाजार भरतो. १९७२ पासून चालत आलेल्या या बाजाराचा नियम असा की माल विस्कॉन्सिनमधलाच हवा आणि तो पिकवणाऱ्याने किंवा बनवणाऱ्यानेच विकला पाहिजे. त्यामुळे टोमॅटोविषयीचा प्रश्न तुम्ही थेट शेतकऱ्यालाच विचारता. गर्दी चौकाभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सरकते. ही रीत सगळे पाळतात आणि विरुद्ध दिशेने चालणारा नवखा लगेच ओळखू येतो. आठ वाजायच्या आत गेलात, तर बोलायला विक्रेत्यांनाही फुरसत असते. आधी पूर्ण फेरी मारून भाव व माल पाहावा आणि दुसऱ्या फेरीत खरेदी करावी, ही तिथल्या गृहिणींची रीत तुम्हाला परकी वाटणार नाही. ताजे चीज कर्ड, म्हणजे चीजचे ओबडधोबड तुकडे, अवश्य चाखा. त्याच दिवशीचा तुकडा दातांखाली चुईं चुईं वाजतो; दुसऱ्या दिवसापर्यंत तो आवाज कमी होतो आणि म्हणूनच लोक ते सकाळीच घेऊन तिथेच उभ्याने खातात.

बाजारातून निघाल्यावर कॅपिटॉलमध्ये शिरा. १९०६ ते १९१७ या काळात बांधलेल्या या वास्तूत प्रवेशाला आणि मार्गदर्शकासह फेरीलाही पैसे पडत नाहीत. फेरी उत्तम असते, परंतु माझा सल्ला असा की नंतर एकदा निव्वळ जिने पाहायला जा : पायऱ्यांच्या आणि भिंतींच्या दगडात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सागरी जीवांचे अश्मावशेष आहेत आणि ते शोधत फिरणे हा तिथल्या मुलांचा आवडता उद्योग आहे. कॅपिटॉलच्या घुमटाचे दर्शन झाकले जाऊ नये म्हणून आसपासच्या एक मैल परिसरातील इमारतींच्या उंचीवर कायद्याने मर्यादा घातलेली आहे. गावात कुठेही वाट चुकलात तर मान वर करा, दिशा सापडेल.

चालण्याची आवड असेल तर युनियनपासून पश्चिमेकडे जाणारी सरोवरकाठची पायवाट तुमची रोजची वाट होईल. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला झाडी ठेवून ती पिकनिक पॉइंट या अरुंद भूशिराच्या प्रवेशद्वारापाशी पोहोचते. तिथून टोक सुमारे दीड किलोमीटरवर आहे. वाटेत गवताने झाकलेले मातीचे बुटके उंचवटे दिसतील. ते हजार वर्षांहून अधिक जुने असून हो-चंक या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या पूर्वजांनी रचलेले आहेत आणि त्यांपैकी अनेकांत मृतांचे दफन केलेले आहे. विद्यापीठाच्या ऑब्झर्व्हेटरी टेकडीवर पक्ष्याच्या आकाराचा असाच एक उंचवटा आहे. त्यांच्यावर चढू नये, बसू नये. त्यांच्या कडेने चालत पूर्ण आकार नजरेत भरून घ्यावा. ही भूमी हो-चंक लोकांची होती आणि त्यांना ती सोडायला भाग पाडले गेले, हे ठाऊक असलेल्या माणसाला सरोवराचा हा काठ निराळाच दिसतो.

सप्टेंबरमध्ये एक सकाळ विद्यापीठाच्या आर्बोरेटमसाठी, म्हणजे वृक्षोद्यानासाठी, राखून ठेवा. नांगरटीखाली गेलेल्या जमिनीवर मूळचा गवताळ प्रदेश पुन्हा उभा करण्याचा प्रयोग १९३० च्या दशकात तिथे झाला. तो कर्टिस प्रेअरी हा जगातील सर्वांत जुना पुनःस्थापित गवताळ प्रदेश मानला जातो आणि त्यामागे निसर्गसंवर्धनाचे विचारवंत आल्डो लिओपोल्ड यांच्यासारख्या प्राध्यापकांची दृष्टी होती. त्या दिवसांत बिग ब्लूस्टेम हे गवत माणसाच्या डोक्यावर जाते आणि त्याच्या तीन फाट्यांच्या तुऱ्यांवर जांभळट झाक असते. पायवाटेवरूनच चाला आणि लांब पायमोजे घाला, कारण तिथे गोचिड्या असतात.

काही किरकोळ गोष्टी. गावातील पुष्कळ भाडेकरार १४ ऑगस्टला संपतात आणि नवे १५ तारखेला सुरू होतात, त्यामुळे त्या दिवशी रस्त्यांवर टेबले, खुर्च्या, दिवे मांडून ठेवलेले असतात आणि ज्याला हवे तो ते उचलून नेतो. मुलीच्या खोलीसाठी लाकडी टेबल खुशाल न्या. गादी किंवा कापडी सोफा मात्र ढेकणांच्या भीतीने नेऊ नका. तिचा करार कोणत्या तारखेला सुरू होतो तेही आताच तपासा, नाहीतर मधल्या रात्री सामानासह तुम्ही उघड्यावर पडाल. शुक्रवारी संध्याकाळी तळलेल्या माशांचे जेवण घेण्याची चाल सर्व विस्कॉन्सिनभर आहे. मासे खात असाल तर मुलीला घेऊन एकदा जा. आणि ज्या शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल सामना गावात असेल, त्या दिवशी बस वळवलेल्या असतात आणि सारे गाव लाल कपड्यांत बाहेर पडते. कामे उरकायला तो दिवस निवडू नका.

प्रश्न : मेंडोटा सरोवरात पोहता येते का? उन्हाळ्यात पाणी खराब होते, असे ऐकले.
— एक वाचक, पुणे

उत्तर : येते, पण रोज नाही. आसपासच्या शेतांतून शेणखत आणि रासायनिक खतांबरोबर वाहून येणाऱ्या स्फुरदामुळे उष्ण व शांत हवेत निळ्या-हिरव्या शैवालाची दाट वाढ होते आणि तिच्यातील काही प्रकार विषारी असतात. पाण्यावर सांडलेल्या हिरव्या रंगासारखी साय दिसली तर पाण्यात पायही घालू नका. सार्वजनिक किनाऱ्यांच्या पाण्याची तपासणी आरोग्य विभाग उन्हाळाभर करतो आणि धोका असल्यास किनारा बंद केल्याची सूचना लावतो. निघण्यापूर्वी ती पाहण्याची सवय तिथल्या सर्वांना आहे. तळाशी झेब्रा शिंपल्यांच्या धारदार कडा असतात, त्यामुळे पाण्यातही पायात काहीतरी घाला.

प्रश्न : माझा मुलगा जानेवारीत मॅडिसनला जात आहे. गोठलेल्या सरोवरावरून खरोखरच चालता येते का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : होय, आणि लोक त्यावर मासेमारी करतात, स्केटिंग करतात, शिडाच्या बर्फनौकाही चालवतात. मेंडोटा कधी गोठले याची नोंद १८५० च्या दशकापासून ठेवलेली आहे. पिकनिक पॉइंटपासून पूर्व काठावरच्या मेपल ब्लफपर्यंत नाव वल्हवत नेता येईल का, ही त्या नोंदीची जुनी कसोटी आहे. सरोवर आता पूर्वीपेक्षा उशिरा गोठते आणि लवकर मोकळे होते, त्यामुळे मागच्या वर्षी चालले म्हणून यंदाही चालेल, असे समजू नये. माणसाच्या वजनासाठी किमान चार इंच जाडीचा स्वच्छ, घट्ट बर्फ लागतो. याहारा नदी जिथे सरोवराला मिळते किंवा त्यातून बाहेर पडते, तिथे आणि झऱ्यांपाशी तो कडाक्याच्या थंडीतही पातळ राहतो. पहिल्या हिवाळ्यात त्याने एकट्याने बर्फावर जाऊ नये. जाडी मोजून पाहणाऱ्या अनुभवी मासेमाऱ्यांना विचारावे आणि मगच पाऊल टाकावे.