मिठाच्या गुहा खरंच असतात का? आणि गुहा, लेणं, घळ, विवर या शब्दांत फरक काय?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: शहरात 'सॉल्ट केव्ह' नावाच्या ज्या खोल्या निघाल्यात तशा मिठाच्या गुहा निसर्गात असतात का, महाराष्ट्रात एखादी आहे का, आणि गुहा, लेणं, घळ, विवर हे सगळं एकच का. मी शब्दांपासूनच सुरुवात करते. आपल्या भाषेत पोकळीला नाव पडतं ते बहुतेक वेळा ती कुणी आणि कशी केली यावरून, आणि तेवढं ध्यानात ठेवलं की मिठाचा गुंताही सुटतो.

लेणं म्हणजे माणसाने कोरलेलं. नाशिकच्या पांडवलेण्यांत जे प्राकृत लेख आहेत, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचे, त्यांत 'लेण' हाच शब्द आहे. मूळ संस्कृत 'लयन', म्हणजे विसाव्याची, आसऱ्याची जागा. भर पावसाळ्यात भिक्खूंना थांबायला जागा हवी होती, त्यासाठी हे डोंगर कोरले गेले. म्हणून 'अजिंठ्याच्या गुहा' असं कुणी लिहिलं की मला मनापासून वाईट वाटतं. पिढ्यान्‌पिढ्या छिन्नी चालवणाऱ्यांचे कष्ट त्या एका शब्दाने पुसले जातात. (कुंकू लेणं, दागिना लेणं यातलं 'लेणं' वेगळं, फक्त कानाला सारखं लागतं.)

घळ ही डोंगराच्या अंगात पाण्याने कापलेली जागा. महाडजवळची समर्थांची शिवथरघळ पावसाळ्यात पाहिली असेल तर हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, शेजारीच धबधबा कोसळत असतो. विवर म्हणजे भोक, भेग, मग ते जमिनीत असो की चंद्रावर. संस्कृत 'बिल'चं आपण बीळ केलं आणि ते सापा-उंदरांना देऊन टाकलं. आंध्रातल्या बेलम गुहांचं नावही याच 'बिल'वरून आलं असं सांगतात, आणि ते बीळ तीन किलोमीटरहून लांब आहे!

राहिली गुहा. धातू 'गुह्', लपवणे. गुह्य त्यातूनच. म्हणजे गुहा या शब्दात दगड नाही, पाणी नाही, आकारही नाही. आहे ते फक्त दडणं. मला याचं अप्रूप वाटतं, कारण ग्रीकांनाही हेच सुचलं. त्यांच्या 'लपवलेलं' या अर्थाच्या शब्दावरून लॅटिनमध्ये 'क्रिप्टा' आला आणि तोच इटालियनमध्ये 'ग्रोत्ता', म्हणजे गुहा, झाला.

आता मीठ. हो, मिठाच्या गुहा खऱ्याखुऱ्या असतात, आणि लहानसहान नसतात. इस्राएलमध्ये मृत समुद्राच्या काठी सदोमचा डोंगर आहे, त्याच्या पोटात मलहम नावाची गुहा आहे. २०१९ मध्ये तिचं नवं मोजमाप जाहीर झालं तेव्हा लांबी १० किलोमीटरच्या वर भरली आणि ती जगातली सर्वांत लांब मिठाची गुहा ठरली. त्याआधी हा मान इराणच्या केश्म बेटावरच्या, साडेसहा किलोमीटर लांबीच्या गुहेकडे होता. ती ज्या डोंगरात आहे त्याचं नाव नमकदान. फारसीत नमकदान म्हणजे मीठ ठेवायचं भांडं. हे 'दान' आपल्या ओळखीचं आहे: फुलदाणी, अत्तरदाणी, पिकदाणी. एका अख्ख्या डोंगराला तिथल्या लोकांनी मिठाची दाणी म्हटलं, इतकं नेमकं नाव क्वचित सापडतं.

मिठाचे डोंगर होतात कसे? फार जुना समुद्र आटतो, मिठाचे थर उरतात, त्यांवर गाळ आणि खडक साचत जातात. मीठ खडकापेक्षा हलकं, आणि दाबाखाली कणकेसारखं मऊ वागणारं. पोळी लाटताना कुठे पातळ झाली की तिथून पुरण कसं वर येतं, तसं हे मीठ वरचे थर फाडून बाहेर येतं. केश्मचं मीठ ५० कोटी वर्षांहून जुनं आहे.

पण डोंगर जुना असला तरी गुहा जुनी नसते. मलहमचं वय सुमारे ७,००० वर्षं काढलंय. कारण आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसतं. जुलैत मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. माझी आजी बरणीत तांदळाचे दाणे टाकून ठेवायची, तरी चमच्याला ओला गोळा लागायचाच. चुनखडीचा डोंगर पोखरायला पाण्याला लाखो वर्षं लागतात. मीठ मात्र त्याच पाण्यात बघता बघता विरघळून जातं. थोडा पाऊस भेगांतून आत शिरला की गुहा होते, फार पडला की गुहा आणि डोंगर दोन्ही विरघळून जातात. म्हणून या गुहा वाळवंटात टिकतात. मृत समुद्राकडे वर्षाला पन्नासेक मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे तेवढा एका दुपारी पडतो.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. शाळेच्या भूगोलात आपण 'ऊर्ध्वमुखी आणि अधोमुखी लवणस्तंभ' पाठ केलेत. ते असतात चुनखडीच्या गुहांत आणि त्यांत खाण्याचं मीठ नसतं. 'लवण' तिथे नुसतं क्षार या अर्थाने आहे. मलहममध्ये मात्र छतावरून थेंब थेंब खारट पाणी गळून खऱ्या मिठाचे स्तंभ लोंबतात. आपला पाठ्यपुस्तकातला शब्द अक्षरशः खरा ठरतो तो त्या परक्या डोंगरात. आणि हा तोच सदोम, जिथे बायबलच्या कथेत लोटाची बायको मागे वळून बघते आणि मिठाचा खांब होते.

पाकिस्तानातलं खेवडा आणि पोलंडमधलं विएलिच्का यांनाही लोक मिठाच्या गुहा म्हणतात. त्या खाणी आहेत, माणसाने खणलेल्या. विएलिच्कात तेराव्या शतकापासून मीठ काढलं गेलं, आणि खाणकामगारांनी १०१ मीटर खोलीवर मिठातच एक चर्च कोरलं. त्याला मात्र मी खुशाल लेणं म्हणेन. (त्याच खाणीत स्फटिकांनी भरलेल्या नैसर्गिक पोकळ्याही आहेत, त्या गुहा.) खेवड्याचं गुलाबी मीठ 'हिमालयन' म्हणून महाग विकलं जातं, पण ते पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतलं. आपल्या आज्या त्याला जास्त अचूक नावाने ओळखायच्या: सैंधव, म्हणजे सिंधूकडचं. त्याचंच घरगुती रूप शेंदेलोण.

महाराष्ट्रात मिठाची गुहा नाही. आपल्या पायाखाली बहुतेक सगळीकडे लाव्ह्याचा काळा कातळ आहे, त्यात मिठाचा थरच नाही. लोणारचं सरोवर खारं आहे आणि नावात लवण आहे, पण ते उल्का आदळून झालेलं विवर. लोणावळ्याच्या नावात तर मीठही नाही. 'लेणी' आणि 'आवळी', म्हणजे लेण्यांची रांग, अशी त्याची फोड करतात. कार्ले-भाजे शेजारी असताना ती पटतेही.

आपलं मीठ समुद्राचं, मिठागरांचं. आणि 'आगर' आलाय संस्कृत 'आकर'वरून, ज्याचा अर्थ खाण! आगरी हे नावही त्याच आगराचं. माझे आजोबा पेणच्या बाजूला आगरावर कामाला होते. लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढून ओढून त्यांच्या हाताचे घट्टे इतके कडक झाले होते की गरम चहाचा पितळी पेला ते नुसत्या हाताने धरायचे.

शहरातल्या त्या खोलीबद्दल सरळ सांगते. माझ्या आईला दमा आहे, म्हणून आम्हीही अशा एका ठिकाणी काही दिवस गेलो. भिंतींना गुलाबी विटा, खाली जाडं मीठ पसरलेलं, हवेत मिठाची बारीक धूळ सोडणारं यंत्र. आईला तिथे शांत वाटलं, दमा होता तसाच राहिला. दम्यावर याने गुण येतो याला भक्कम पुरावा नाही. तुमच्या घरात कुणाला दमा असेल तर तिथे जाण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि इनहेलर कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. ती खोली गुहा नाही, खाणही नाही. 'मिठाची खोली' हे नाव तिला पुरेसं आहे.

मीठ जवळून बघायचं असेल तर मार्च-एप्रिलमध्ये सकाळी लवकर वसई किंवा उरणकडच्या आगरावर जा. वाफ्यातल्या पाण्यावर दुधाच्या सायीसारखा पांढरा पापुद्रा धरलेला दिसेल. बोट लावलं की तो मोडतो आणि दाणे तळाला जाऊन बसतात.