होम थिएटर हप्त्यावर घ्यावं का? आधी सोफा बघा

नमस्कार,

तुमचा मेसेज दोनदा वाचला. इतरांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. घर भाड्याचं, आत्ता टीव्हीला साधा साउंडबार, आणि सात स्पीकर, एक सबवूफर (फक्त बासचा स्पीकर), रिसिव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर), नवीन टीव्ही, वर बसवून द्यायची मजुरी असं सगळं धरून कोटेशन आलंय अडीच महिन्यांच्या पगाराएवढं. दुकानदार म्हणतो २४ हप्ते करा, व्याज शून्य. क्रेडिट कार्डाची थोडी थकबाकी दर महिन्याला पुढे ढकलली जातेय आणि बँकेत जेमतेम दोन महिन्यांचा खर्च भागेल एवढी शिल्लक आहे. प्रश्न असा की हप्ता पगाराच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो, झेपतो, मग घ्यायला काय हरकत आहे.

हरकत आहे, पण तुम्हाला वाटतेय ती नाही. हौस करू नका असं मी म्हणणार नाही, मी स्वतः याच आजाराचा रुग्ण आहे :) माझी हरकत त्या कोटेशनमधल्या निम्म्या ओळींना आहे.

आधी हे "शून्य व्याज" मिटवून टाकू. तुम्हीच लिहिलंय की रोख दिले तर ८ टक्के सूट मिळेल. म्हणजे वस्तूची खरी किंमत १०० नाही, ९२ आहे आणि वरचे ८ म्हणजे व्याजच, फक्त नाव वेगळं. ९२ ची वस्तू घेऊन १०० रुपये २४ हप्त्यांत फेडले तर दर वर्षाला आठ टक्क्यांच्या थोडा वर पडतो. गंमत म्हणजे तेच १२ हप्त्यांत फेडलं तर दर साडेपंधराच्या वर जातो, कारण ८ तेवढेच द्यायचे पण पैसे वापरायला मिळाले निम्मे दिवस. प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी. आणि कार्डाचं व्याज याहून कितीतरी जास्त असतं, म्हणजे तिकडे महाग कर्ज तसंच ठेवून इकडे नवीन कर्ज काढायचं, हे काही बरोबर नाही. आधी कार्ड शून्यावर आणा, यावर मी घासाघीस करणार नाही.

आता सोफा. तुम्ही हॉलचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, कारण सोफा मागच्या भिंतीला टेकलाय. ७.१ (सात स्पीकर, आणि .१ म्हणजे सबवूफर) मध्ये समोर तीन, बाजूला दोन आणि मागे दोन स्पीकर असतात, आणि ते मागचे दोन खरोखर तुमच्या पाठीमागे हवेत, समोरच्या सरळ रेषेपासून १३५ ते १५० अंशांवर आणि डोक्यापासून थोडे लांब. तुमच्या पाठीमागे भिंत आहे. मग ते दोन कानाजवळ भिंतीला चिकटवले जाणार आणि बाजूच्या दोनमध्ये मिसळून जाणार, म्हणजे पैसे सातचे देऊन ऐकायचं पाचच. सोफा चार-पाच फूट पुढे ओढता येणार असेल तर वेगळी गोष्ट, पण फोटोत तरी दार आडवं येतंय. तेव्हा दोन स्पीकर कोटेशनमधून खोडा. ५.१ ला समोरचे डावा-उजवा मधल्या रेषेपासून साधारण ३० अंशांवर आणि बाजूचे ११० च्या आसपास, म्हणजे कानांच्या किंचित मागे, एवढं जमलं की झालं, आणि ते तुमच्या हॉलमध्ये जमतं.

दुसरी ओळ नवीन टीव्हीची. "तुमच्या टीव्हीला ईएआरसी नाही, साधं एआरसी आहे, सराउंड नीट येणार नाही" असं तुम्हाला सांगितलं गेलं. (एआरसी म्हणजे टीव्हीतला आवाज एचडीएमआय केबलमधूनच परत रिसिव्हरकडे नेणारी सोय, ईएआरसी तिची नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती.) हे अर्धसत्य आहे आणि ते तुम्हाला एका टीव्हीला पडतंय. साध्या एआरसीमधून कॉम्प्रेस केलेला ५.१ आवाज जातो आणि स्ट्रीमिंग ॲप मुख्यतः तोच देतात, ॲटमॉसचा (डोक्यावरूनही आवाज येतोय असं वाटायला लावणारा प्रकार) आवाजसुद्धा स्ट्रीमिंगवर बहुतेक याच प्रकारात येतो. ईएआरसीची गरज पडते ती डिस्कवरचा काहीही न गाळलेला पूर्ण आवाज टीव्हीतून फिरवून आणायचा असेल तेव्हा, पण फिरवायचा कशाला? प्लेयर किंवा गेमिंगचा डबा सरळ रिसिव्हरला लावा, तिथून एक केबल टीव्हीला, आवाज वाटेतच उतरतो आणि चित्र पुढे जातं. फक्त एवढं बघा की केबल टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर एआरसी लिहिलंय त्यातच जायला हवी (तो बहुतेक एकच असतो), सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना चालवायची सोय) चालू हवं आणि टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये पीसीएमऐवजी बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू, म्हणजे टीव्हीने आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवायचा. हे राहिलं की सगळे स्पीकर जोडून पण आवाज दोनमधूनच येतो आणि माणूस समजतो टीव्ही जुना झाला.

उरलेल्यात पैसे कुठे घालायचे तर माझा हिशोब सरळ आहे, जे जास्त टिकतं त्यावर जास्त. स्पीकर नीट वापरला तर वीस-पंचवीस वर्षं सहज जातो, त्यात जुनं होण्यासारखं फारसं काही नाही. रिसिव्हरचं तसं नाही. एचडीएमआयमध्ये २००९ ला एआरसी आलं, २०१३ ला २.०, २०१७ ला २.१ आणि ईएआरसी, आणि दर वेळी चालू स्थितीतले रिसिव्हर मागे पडले. तुमच्या कोटेशनमध्ये नेमकं उलटं आहे, भारीतला रिसिव्हर आणि सोबत जेमतेम स्पीकर. वॉटच्या आकड्यांनी भुलू नका, वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, आणि ऐकायला दुप्पट वाटावा म्हणून साधारण दहापट वॉट लागतात. त्यापेक्षा ८७ ऐवजी ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॉटमध्ये किती मोठा वाजतो त्याचं माप) स्पीकर घेतलात तर निम्म्या वॉटमध्ये तेवढाच आवाज मिळतो. स्पीकर सेकंड हँड घ्यायलाही माझी ना नाही, कोनाच्या (स्पीकरचा आत-बाहेर हलणारा पडदा) कडेची रिंग बोटाने हलकेच दाबून बघा, फोमची असेल तर कुजून भुगा होतो, रबराची जास्त टिकते. रिसिव्हर मात्र सेकंड हँड नको.

बसवायची मजुरी पण खोडा, एका रविवारचं काम आहे. इथे माझी फजिती सांगतो. पहिल्यांदा जोडलं तेव्हा सगळं व्यवस्थित वाजत होतं पण बास गायब, आवाज पोकळ, गाणारा माणूस नक्की कुठे उभा आहे कळेना. तीन आठवडे मी मोठ्या सबवूफरच्या किमती बघत बसलो होतो, हो, मी, लोकांना खर्च आवरा सांगणारा. शेवटी टॉर्च घेऊन मागे वाकलो तर डाव्या स्पीकरची लाल-काळी वायर उलट. एक कोन बाहेर येतोय तेव्हा दुसरा आत जातोय, बास एकमेकांत मरतोय. वायर फिरवली, सबवूफरचे पैसे वाचले! शंका आली तर १.५ व्होल्टचा सेल रिसिव्हरकडच्या टोकाला क्षणभर टेकवा (वायर रिसिव्हरमधून काढून हं), प्लस लाल वायरला असेल तर कोन बाहेर यायला हवा. बाकी सेटिंगला रिसिव्हरसोबत माइक येतो, तो सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवा, अंतर आणि पातळी तो मोजतो. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झपासून सुरू करा. सबवूफर बसायच्या जागी ठेवून बासवालं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा, जिथे बास घुमत नाही पण भरीव लागतो तिथे सबवूफर. घरातले हसतील, हसू देत.

आता क्रम. पहिले काही महिने हप्त्याएवढी रक्कम कार्डात भरा. कार्ड संपलं की तीच रक्कम वेगळ्या खात्यात, निम्मी शिल्लक वाढवायला, किमान चार महिन्यांच्या खर्चापर्यंत, आणि निम्मी स्पीकरसाठी. पहिला टप्पा रिसिव्हर आणि समोरचे तीन. सेंटरवर, म्हणजे समोरच्या मधल्या स्पीकरवर, कंजुषी करू नका, संवाद बहुतेक त्यातूनच येतात आणि "काय म्हणाला तो?" हीच तुमची मूळ तक्रार आहे, मेसेजच्या दुसऱ्या ओळीत तुम्हीच लिहिलीय. मग सबवूफर, मग बाजूचे दोन. सगळं रोखीने, सूट घेऊन. हे पाच स्पीकर, सबवूफर आणि मधल्या दर्जाचा रिसिव्हर मिळून माझ्या अंदाजाने मूळ कोटेशनच्या निम्म्यात बसतं, आणि घर बदललं तरी सोबत येतं, भिंतीत गाडलेली वायर येत नाही. वाढीव वॉरंटी घ्यायचीच तर फक्त रिसिव्हरवर.

मधल्या काळात एक फुकटचं काम करा, टेप घेऊन रिसिव्हरच्या जागेपासून प्रत्येक स्पीकरपर्यंत मोजा, सरळ नाही, कोपऱ्या-कोपऱ्याने वळण धरून, आणि वर मीटरभर जास्त. वायर शुद्ध तांब्याची, १६ गेज (जाडीचं माप) पुरे, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली नको. आणि सोफा पुढे सरकतो का तेवढं कळवा, सरकत असेल तर त्या दोन स्पीकरांबद्दल परत बोलू.