सहकाऱ्यावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप झाला की पक्षाचे नेते तक्रारदार स्त्रीऐवजी त्यालाच का सांभाळतात?

आपण असे विचारले आहे की, विरोधी पक्षातील माणसावर आरोप झाला की त्याच दिवशी राजीनामा मागणारे नेते स्वतःच्या सहकाऱ्यावर आरोप झाल्यावर ‘चौकशी होऊ द्या’ असे का म्हणतात, आणि हे निव्वळ ढोंग आहे की त्यामागे आणखी काही कारण आहे. मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. सातपूर आणि अंबड येथील काही कारखान्यांत लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणूनही काम करते. वकिलीत येण्यापूर्वी काही वर्षे मी एका पक्षाच्या महिला आघाडीत होते, आणि माझे उत्तर मुख्यतः त्या काळातून आलेले आहे.

ढोंग आहेच, परंतु तेवढे म्हणून थांबले तर नेत्यांचे वागणे नीट कळत नाही. माझ्या मते खरे कारण असे की, पक्षात अशी तक्रार ज्याच्यापर्यंत पोहोचते, त्याच्यावर ती ऐकून घेण्याचे कोणतेही बंधन नसते. त्याच्यावर असते ती फक्त निवडणूक जिंकण्याची जबाबदारी. त्यामुळे त्याच्या मनात पहिला प्रश्न ‘काय घडले’ हा येतच नाही. हा माणूस गेला तर किती मते जातील, त्याच्यामागे किती नगरसेवक आहेत, त्याची जागा कोण घेईल आणि ही बातमी बाहेर कोणी फोडली, हे प्रश्न आधी येतात.

२००२ च्या महापालिका निवडणुकीच्या काही महिने आधीची गोष्ट आहे. आमच्या आघाडीतील एक बावीस-तेवीस वर्षांची कार्यकर्ती सिडकोतील माझ्या घरी आली आणि बाहेरगावच्या शिबिराहून परतताना जीपमध्ये एका पदाधिकाऱ्याने तिच्याशी काय केले ते तिने मला सांगितले. मी तिला घेऊन पक्षाच्या कार्यालयात वरच्या खोलीत गेले. तिथे चार ज्येष्ठ मंडळी होती. त्यांनी आम्हाला बसायला सांगितले, चहा मागवला, तिचे सगळे बोलणे शांतपणे ऐकले आणि कोणीही एक ओळ लिहून घेतली नाही. शेवटी त्यांच्यातील सर्वांत वयस्कर गृहस्थ म्हणाले, ‘पोरी, हे आपल्या घरातले प्रकरण आहे. निवडणूक होऊन जाऊ दे, मग मी स्वतः त्याला बघतो.’ जिना उतरल्यावर तिने मला विचारले, ‘ताई, मी काय करू?’ आणि मी तिला थांबायला सांगितले. तो निवडून आला, तिने पक्ष सोडला, आणि पुढे तिचे कुटुंब नाशिक सोडून गेले. त्या खोलीतील माणसे क्रूर नव्हती, त्यांच्यापैकी दोघांना मुली होत्या, आणि तरीही त्या दिवशी त्यांनी केला तो केवळ हिशेब. मीही तोच केला, याचे दुःख मला आजही आहे.

‘घरातले प्रकरण’ या शब्दांपाशी थोडे थांबायला हवे, कारण पक्षाचे सारे वागणे त्यात सामावलेले आहे. पक्ष म्हणजे कुटुंब, नेता म्हणजे वडीलधारा आणि तक्रार म्हणजे घराची अब्रू, असे एकदा मानले की बाहेर बोलणारी स्त्री आपोआप दोषी ठरते. डावे पक्षही याला अपवाद नाहीत. केरळात २०१८ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे आमदार पी. के. शशी यांच्याविरुद्ध पक्षाच्याच युवक संघटनेतील एका स्त्रीने तक्रार केली, तेव्हा पक्षाने स्वतःचा चौकशी आयोग नेमला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना सहा महिन्यांसाठी निलंबित केले. चौकशी झाली हे इतर पक्षांच्या मानाने बरे म्हणता येईल. परंतु तक्रार ऐकणारे, पुरावा तोलणारे आणि शिक्षा ठरवणारे सगळे आरोपीचेच राजकीय सहकारी होते.

कारखान्यात आणि पक्षात फरक कोठे पडतो, हे मला रोज दिसते. राजस्थानातील भंवरी देवी यांच्यावरील अत्याचारानंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखण्याचे नियम घालून देणारा विशाखा निकाल दिला आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तेथे अंतर्गत समिती नेमावीच लागते, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री असावी लागते, एक सदस्य बाहेरचा असावा लागतो, आणि चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करावी लागते. चौकशी चालू असताना तक्रारदार स्त्रीला रजा द्यावी किंवा दोघांपैकी एकाची बदली करावी, अशी शिफारसही समितीला करता येते. अंबडमधील एका कारखान्यात आम्ही अशा शिफारशीने एका पर्यवेक्षकाची पाळी आठ दिवसांत बदलून घेतली होती. तो दोषी आहे असे तेव्हा कोणीच म्हटले नव्हते. ती स्त्री त्याच्या हाताखाली राहू नये, एवढीच काळजी घेतली होती. व्यवस्थापक फार सज्जन होता असेही नाही. कायद्याने त्याच्यासमोर कागद ठेवला होता, म्हणून त्याला वागावे लागले.

राजकीय पक्षांना हे बंधन नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये असे म्हटले की, पक्ष आणि त्याचे सदस्य यांच्यात मालक-नोकर असे नाते नसल्यामुळे पक्षांवर अंतर्गत समिती नेमण्याची सक्ती नाही, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पक्षांना या कायद्याखाली आणण्याची मागणी मान्य केली नाही. कायद्याच्या शब्दांपुरता तो तर्क मला समजतो. परंतु रात्री उशिरापर्यंत प्रचार करणारी, नेत्यांच्या गाडीतून दौऱ्यावर जाणारी आणि ज्या माणसाच्या शब्दावर जिचे तिकीट अवलंबून आहे, त्याच माणसाबरोबर एकटीने काम करणारी कार्यकर्ती नोकर नाही म्हणून तिला संरक्षण नाही, हे मला पटत नाही. आमच्या महापालिकेत १२२ जागा आहेत आणि त्यांतील निम्म्या स्त्रियांसाठी राखीव आहेत. तिकिटासाठी त्या स्त्रियांना ज्या खोल्यांचे जिने चढावे लागतात, त्यांपैकी किती खोल्यांत एक तक्रारवही असेल?

आरोप बाहेर आल्यानंतर जे घडते, त्याचा क्रम मला आता पाठ झाला आहे. प्रथम मौन पाळले जाते. मग ‘तो त्यांचा वैयक्तिक विषय आहे’ असे सांगितले जाते. बातमी टिकली तर ‘यामागचा बोलविता धनी वेगळाच आहे’ आणि ‘निवडणुकीच्या तोंडावरच हे कसे सुचले’ असे प्रश्न उभे केले जातात. तरीही निभावले नाही तर ‘कायदा आपले काम करील, कोणाचीही गय केली जाणार नाही’ हे वाक्य येते. हे वाक्य ऐकायला न्याय्य वाटते, आणि म्हणूनच मला ते सर्वांत धोक्याचे वाटते. कायद्याचे काम वर्षानुवर्षे चालते आणि तेवढा काळ आरोपीचे पद, गाडी, पोलिसांवरील वजन आणि कार्यकर्ते त्याच्याकडेच राहतात.

उत्तर प्रदेशातील उन्नावचे प्रकरण आठवा. भाजपचे आमदार कुलदीप सेंगर यांना केंद्रीय अन्वेषण विभागाने एप्रिल २०१८ मध्ये अटक केली, ती त्यांच्यावर बलात्काराचा आरोप करणाऱ्या मुलीने मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानाबाहेर स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केल्यानंतर आणि तिच्या वडिलांचा कोठडीत मृत्यू झाल्यानंतर. पक्षातून हकालपट्टी झाली ती ऑगस्ट २०१९ मध्ये. त्याच्या काही दिवस आधी ती मुलगी एका भीषण अपघातात सापडली होती आणि देशभर संताप उसळला होता. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने सेंगर यांना जन्मठेप सुनावली. अटक आणि हकालपट्टी यांच्यामधले पंधरा महिने पक्ष कशाची वाट पाहत होता, याचे उत्तर कोणी दिले नाही. कर्नाटकातील हसनचे तेव्हाचे खासदार प्रज्वल रेवण्णा यांच्यावर बलात्काराचे आरोप झाले, त्यांच्या बाबतीत जनता दलाने (धर्मनिरपेक्ष) एप्रिल २०२४ च्या अखेरीस निलंबन केले, परंतु तोपर्यंत हसनमधील मतदान होऊन गेले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनाही जन्मठेप झाली. कैसरगंजचे भाजप खासदार आणि कुस्ती महासंघाचे अध्यक्ष असलेल्या ब्रिजभूषण सिंह यांच्यावर महिला कुस्तीगीरांनी आरोप केल्यानंतर २०२४ मध्ये तेथील उमेदवारी त्यांच्या मुलाला मिळाली आणि जागा घरातच राहिली.

निलंबन या शब्दाने वाचकांची फार फसगत होते, म्हणून वकील या नात्याने थोडे सांगते. पक्षाने आमदाराला निलंबित केले तरी त्याची आमदारकी जात नाही. केरळातील पालक्कडचे तेव्हाचे काँग्रेस आमदार राहुल मामकूटत्तिल यांच्यावर आरोप झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पक्षाने त्यांना निलंबित केले, तेव्हाही ते आमदार राहिलेच. आरोप सिद्ध होणे न होणे न्यायालयाच्या हाती आहे. परंतु निलंबनाने पक्षाची अडचण दूर होते आणि तक्रारदार स्त्रीची परिस्थिती पूर्वीइतकीच कठीण राहते.

‘क्लीन चिट’ या शब्दाचेही तसेच आहे. पुरावा अपुरा पडला म्हणून तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून तक्रारदारावर खोट्या तक्रारीची कारवाई करण्याची गरज नाही, असे २०१३ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. १९९४ मध्ये आमच्या शेजारच्या जळगावमधील तरुणींच्या लैंगिक शोषणाचे प्रकरण उघडकीला आले, तेव्हा मी महाविद्यालयात होते. आरोपींत स्थानिक राजकारणातली माणसे होती. पुढे अनेक आरोपी सुटले, आणि त्यावरून ‘मुळात काही नव्हतेच’ असे म्हणणारी माणसे मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहेत. ज्या गावात आरोपीला सगळे ओळखतात, तेथे साक्षीला उभे राहणे किती अवघड असते, हे मला पुढे न्यायालयात काम करताना समजले.

खोट्या तक्रारी होत नाहीत का, असे आपण कदाचित विचाराल. होतात, आणि आरोप झालेल्या माणसालाही आपली बाजू मांडण्याचा पूर्ण अधिकार आहे. म्हणूनच मी पक्षाकडून दोषी ठरवण्याची अपेक्षा करीत नाही. तक्रार लेखी घ्यावी, चौकशी होईपर्यंत त्या माणसाला पदावरून दूर करावे, आणि तक्रारदाराविषयी प्रवक्त्यांनी एक शब्दही बोलू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. २०१८ मध्ये केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांच्यावर अनेक पत्रकार स्त्रियांनी आरोप केले, तेव्हा त्यांनी आधी त्या स्त्रियांपैकी प्रिया रमाणी यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद दाखल केली आणि राजीनामा त्यानंतर दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये रमाणी निर्दोष सुटल्या, आणि स्त्रीला अनेक वर्षांनंतरही आपली तक्रार मांडण्याचा अधिकार आहे, असे न्यायालयाने म्हटले. मधली दोन वर्षे मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात त्या होत्या.

पक्षातील स्त्रियांविषयीही सांगायला हवे, कारण त्यांच्यावर मला सर्वांत जास्त राग येत असे आणि आता तितकाच कळवळाही येतो. अशा वेळी पक्ष आपल्या महिला नेत्यांनाच कॅमेऱ्यापुढे उभे करतो. सहकाऱ्याची बाजू घेतली नाही तर पुढचे तिकीट जाते, घेतली तर बाहेरच्या स्त्रिया तोंडावर बोलतात. माझ्या ओळखीच्या एका माजी नगरसेविकेने अशी एक पत्रकार परिषद घेतली आणि त्याच संध्याकाळी मला फोन करून ती बराच वेळ रडत होती.

जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत आमच्या प्रभागातील जे उमेदवार दारी आले, त्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारला: तुमच्या पक्षातील एखाद्या कार्यकर्तीला पदाधिकाऱ्याविरुद्ध तक्रार द्यायची असेल तर ती कोणाकडे द्यायची, त्या व्यक्तीचे नाव मला सांगा. चौघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच उत्तर दिले, ‘ताई, तसे काही झाले तर थेट मला फोन करा.’ पाचवी एक तरुण मुलगी होती, पहिल्यांदाच उभी राहिलेली. ती काही क्षण गप्प राहिली, मग तिने हातातल्या मतदार यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला माझा प्रश्न लिहून घेतला, आणि तिच्याबरोबर आलेले पुरुष कार्यकर्ते पुढच्या घराकडे निघून गेल्यावर मला हळूच विचारले, ‘मॅडम, अशी समिती आम्हीच पक्षात मागितली तर ती कोणत्या नियमाने मागायची?’ मी तिला २०१३ च्या कायद्याची मराठी प्रत दिली आणि सांगितले की सक्तीचा नियम नाही, परंतु पक्षाला स्वतःच्या घटनेत तो घालण्यापासून कोणी अडवलेलेही नाही.