साताऱ्याहून कास-बामणोली-तापोळामार्गे महाबळेश्वरला चौघे मित्र सायकलने जाणार आहोत. काय लक्षात ठेवावं?

नोव्हेंबर ते जानेवारीत जा. सप्टेंबर-ऑक्टोबरात कासला फुलं असतात, पण शनिवार-रविवारी गाड्यांची जी रांग लागते त्यात सायकल चालवणं नको वाटतं.

शहर सोडताच यवतेश्वरचा घाट लागतो. अंगात ऊब यायच्या आतच चढ, त्यामुळे पहिल्याच वळणावर जोर दाखवू नका. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, नाहीतर तो मागे एकटा पडतो आणि पुढचे उगाच थंडीत कुडकुडत थांबतात. कासपासून बामणोलीपर्यंत उतार आहे. ब्रेक सतत दाबून धरू नका, वळणाआधी दाबा आणि सोडा.

पंक्चरचं मात्र नीट बघा. वाटेत दुकान सापडलंच तरी तिथला पंप मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हचा असतो, रोड बाइकच्या बारीक व्हॉल्व्हला तो बसत नाही. स्वतःचा पंप आणि प्रत्येकी दोन ट्यूब हव्यातच. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. अडकलेला बाभळीचा काटा त्यालाच सापडतो.

बामणोलीहून शिवसागर जलाशयातून लाँचने तापोळा गाठता येतं. सायकली चढवतील का, भाडं किती, हे आदल्या दिवशीच फोनवर ठरवा. तापोळ्यापुढे महाबळेश्वरपर्यंत पुन्हा दमवणारा चढ आहे, म्हणून मुक्काम तापोळ्यातच करा. मोबाइलला रेंज मधूनमधून जाते, नकाशा आधीच उतरवून घ्या. आणि कंदी पेढे साताऱ्यातच बांधून घ्या, चढावर एनर्जी बारपेक्षा बरे लागतात!