बायोस डिफॉल्टवर, तरी लॉगिननंतर रीस्टार्ट: मदरबोर्ड दुरुस्तीला पाठवायच्या आधी हे बघा

तुम्ही लिहिलंय की सीमॉस (बायोसच्या सेटिंग्ज जपणारी मेमरी) दोनदा क्लिअर केला, बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, सगळं डिफॉल्ट दिसतं, तरी लॉगिन केल्यावर मिनिटभरात पीसी रीस्टार्ट होतो. शिवाय सीपीयू फॅन मधूनच ० आरपीएम दाखवतो आणि एक सेन्सर कायम १२७ अंशांवर अडकलाय. हे दुखणं मी भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी १२७ चं भूत उतरवा. सेन्सर चिपच्या ८ बिटांच्या रजिस्टरमध्ये मावणारा तो सर्वांत मोठा धन आकडा आहे. त्या पिनला बहुधा थर्मिस्टर (तापमान मोजणारा भाग) जोडलेलाच नसतो. तापमान दाखवणाऱ्या मॉनिटर प्रोग्रॅममध्ये तो सेन्सर लपवा आणि विसरा.

खरा संशयित म्हणजे बोर्डासोबत आलेली ट्यूनिंग युटिलिटी, म्हणजे प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज बदलणारा प्रोग्रॅम. 'ऑटो ट्यून' एकदा चालवलं आणि 'विंडोज सुरू होताना लागू करा' वर टिक राहिली, की ते प्रोफाइल डिस्कवर बसतं. बायोस बिचारा डिफॉल्टच दाखवणार, कारण मल्टिप्लायर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक) आणि व्होल्टेज नंतर विंडोजमधली सर्व्हिस बदलते. सीमॉस दहा वेळा क्लिअर केला तरी डिस्कवरची फाइल जागची हलत नाही. माझी सर्वांत महाग चूक इथेच झाली: कस्टमर केअरने आधी पॉवर सप्लाय बदलायला लावला, मग बोर्ड मागवला, आणि तो 'दोष आढळला नाही' म्हणून परत आला. आढळणार कसा? दोष एसएसडीवर होता आणि एसएसडी घरी. सर्व्हिस बंद करून बघा, एवढं एक वाक्य कुणी बोललं नाही. असो.

सेफ मोडमध्ये अशा बाहेरच्या सर्व्हिस सुरू होत नाहीत. तिथे पीसी तासभर टिकला तर संशय पक्का धरा. (डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं एन्क्रिप्शन, असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा.) तिथूनच 'सर्व्हिसेस' उघडून त्या युटिलिटीच्या सगळ्या सर्व्हिस 'डिसेबल्ड' करा, एकीचं नाव फॅनशी, दुसरीचं अपडेटशी जोडलेलं असं असू शकतं, म्हणून नीट शोधा. अनइन्स्टॉल मात्र सेफ मोडमध्ये करू नका, विंडोज इन्स्टॉलर तिथे चालत नसल्याने ते बरेचदा अर्ध्यावर अडकतं. नेहमीच्या मोडमध्ये येऊन काढा आणि मग 'रीस्टार्ट'च करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शटडाउन'मध्ये कर्नल हायबरनेट होतो आणि जुना ड्रायव्हर मेमरीतून जातच नाही. शेवटी टास्क शेड्युलर आणि ऑटोरन्सचा (विंडोजसोबत काय काय सुरू होतं ते दाखवणारा प्रोग्रॅम) ड्रायव्हर टॅब तपासा, उरलंसुरलं तिथे सापडतं.

एक कोपरा हमखास राहतो. काही बोर्डांच्या बायोसमध्ये 'युटिलिटी आपोआप डाउनलोड करा' असा पर्याय असतो, तोही चालू अवस्थेत. तो बंद केला नाही तर कोऱ्या विंडोजवरही युटिलिटी पुन्हा हजर.

आता ० आरपीएम. फॅन आणि तापमान वाचणारी सुपर आय/ओ चिप दोन पोर्टांवर बोलते: एकावर रजिस्टरचा नंबर लिहायचा, दुसऱ्यावर उत्तर वाचायचं. दोन प्रोग्रॅम एकदम घुसले की एकाने नंबर लिहिलेला असतो, दुसरा तो बदलतो, आणि पहिला भलतंच उत्तर घेऊन जातो. एचडब्ल्यूइन्फो, एआयडीए६४ यांसारखे मॉनिटर सामाईक कुलूप पाळून आळीपाळीने वाचतात. बोर्डाची युटिलिटी ते पाळेलच याचा भरवसा नाही. वाचताना गोंधळ झाला तर आकडा चुकतो, लिहिताना झाला तर फॅन खरंच थांबू शकतो. म्हणून एका वेळी एकच.

माझं मत एकांगी वाटेल, पण ओव्हरक्लॉक (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) बायोसमधूनच करावं, विंडोजमध्ये फक्त बघावं. एएमडीचं रायझन मास्टर किंवा इंटेलचं एक्सटीयू अंदाज घेण्यापुरतं ठीक. जमलेले आकडे बायोसमध्ये टाका आणि ते सॉफ्टवेअर काढून टाका. व्होल्टेजची तुलना करताना बायोसच्या पडद्यावरचा आकडा धरू नका, तिथे प्रोसेसर वेगळ्याच अवस्थेत असतो. सर्व्हिस चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा सगळ्या कोअरवर सारखाच लोड देऊन व्हीकोअर (प्रोसेसरला प्रत्यक्ष मिळणारं व्होल्टेज) बघा. व्हीआयडी म्हणजे प्रोसेसरची मागणी, प्रत्यक्ष मिळालेलं व्होल्टेज नव्हे.

इव्हेंट व्ह्यूअरमधल्या कर्नल-पॉवर ४१ वर डोकं फोडू नका, पीसी नीट बंद झाला नाही एवढंच तो सांगतो. तिथेच डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (विंडोजची हार्डवेअर एररची नोंद) नोंदी शोधा: १८ म्हणजे 'फेटल', दुरुस्त न होणारी हार्डवेअर एरर, १९ म्हणजे दुरुस्त झालेली. सर्व्हिस काढल्यावरही १८ येत राहिली तर माझं निदान चुकलं असं समजा. मग एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारं बायोसमधलं प्रोफाइल) बंद करून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे चार पास होऊ द्या, आणि तोवर महत्त्वाच्या फाइली त्या मशीनवर कॉपी करू नका.