आजारी तो, मग आमची नावं कशाला?

प्रश्न : आमच्या बिल्डिंगशेजारी बांधकाम चालू आहे, तिथल्या एका कामगाराला मलेरिया निघाला. दुसऱ्याच दिवशी आरोग्य केंद्राची माणसं आमच्या दारात! गच्चीवरच्या टाकीत टॉर्च मारून बघितलं, घरात कोणाला ताप आहे का विचारलं, सगळं मोबाईलवर भरून घेतलं. ही माहिती जाते कुठे? – एक वाचक, फोंडा

उत्तर : अहो, दुसऱ्या दिवशी आले हेच चांगलं झालं! पूर्वी रक्ताची स्लाइड, मग रजिस्टर, मग महिन्याचा रिपोर्ट, असं चालायचं आणि डासाच्या अंड्यातून उडणारा डास तयार व्हायला लागतात साधारण दहा दिवस, म्हणजे कागद वर पोचेपर्यंत डास कामाला लागलेले. शहरातला मलेरियाचा डास, ॲनाफिलीस स्टीफेन्सी, गटारात नाही, स्वच्छ पाण्यात वाढतो. झाकण नसलेली टाकी, स्लॅब पक्का व्हावा म्हणून त्यावर (क्युरिंगला) साठवलेलं पाणी, हीच त्याची घरं. म्हणून पेशंट कुठे राहतो ते लगेच कळायला हवं.

चीनमध्ये 1-3-7 नियम होता, एका दिवसात नोंद, तीन दिवसांत चौकशी, सात दिवसांत त्या जागी बंदोबस्त. 2021 मध्ये तो देश मलेरियामुक्त जाहीर झाला. आपल्या शेजारच्या मंगळुरूत 2015 पासून टॅबलेटवर नकाशासकट नोंदी सुरू झाल्या. आफ्रिकेतले बरेच देश ओस्लो विद्यापीठाची डीएचआयएस-2 ही आरोग्याच्या नोंदींची मोफत सिस्टम वापरतात, आपल्याकडे अशा नोंदींसाठी सरकारचं आयएचआयपी पोर्टल आहे.

आता तुमची नावं. पेशंटला चावलेला डास तुमच्याकडेही येणार, म्हणून आसपासच्या घरांत ताप शोधतात. आणि कामगाराला 'गेल्या महिन्यात कुठे होतास' विचारतात ते उगाच नाही, ताप गावाहून आणला की इथेच लागला, यावर पुढचं सगळं ठरतं. त्यातून बिचाऱ्याचा पत्ता 'साइटवर' एवढाच आणि मोबाईल नंबर मुकादमाचा! तो दुसऱ्या साइटवर गेला की पाठपुरावा संपला, आणि व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियात प्रायमाक्विन हे औषध 14 दिवस घ्यायचं असतं, ताप तिसऱ्या दिवशी उतरला की गोळ्या कोण खातो? यकृतात लपलेले जंतू मग काही महिन्यांनी परत उठतात.

खाजगी लॅबने कळवलंच नाही तर नकाशावर तो वाडा कोराच दिसतो, तिथे मोबाईल काय करणार. तुम्ही नंबर खरा दिलात ना? आणि टाकीचं झाकण?