मातेउस द कास्त्रो हे गोव्याचे बिशप होते का?

नाही, ते गोवेकर होते, पण गोव्याचे बिशप कधीच नव्हते. बिशप म्हणून त्यांच्या अधिकारातला मुलूख आदिलशाहीतला, म्हणून बसायला जागा डिचोली. गोवा त्यांच्याकडे न येण्याचं कारण पाद्रोआदोमध्ये, म्हणजे पोप आणि पोर्तुगालचा राजा यांच्यातल्या करारात आहे. या करारानं पूर्वेकडचे बिशप सुचवायचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे होता, बदल्यात खर्चही त्याचाच. दिवाडी बेटावरच्या या ब्राह्मण घरातल्या ख्रिस्ती मुलाला गोव्यात धर्मगुरूची दीक्षाही मिळेना. ती त्यांनी थेट रोम गाठून घेतली. रोमनं 1622 मध्ये प्रोपागांडा फिदे हे धर्मप्रसाराचं खातं काढलं होतं. त्यानं राजाला वळसा घालून 1637 मध्ये त्यांना बिशप केलं, ते असं:

- नावापुरता क्रिसोपोलिस हा लोप पावलेला जुना धर्मप्रांत;
- प्रत्यक्ष अधिकार पोपचा प्रतिनिधी, म्हणजे व्हिकार अपोस्तोलिक म्हणून, विजापूरच्या मुलखावर.

अडलं ते इथंच. राजाच्या मंजुरीशिवाय आलेली रोमची कागदपत्रं गोव्यातले अधिकारी मानेनात, आणि मग कास्त्रोंनी दीक्षा दिलेल्या पाद्रींवरही बोट ठेवलं जाई. म्हणून त्यांचं काम सीमेपलीकडे डिचोली, बांदा, वेंगुर्ले इथं झालं. (डिचोली पोर्तुगीजांकडे गेली ती अठराव्या शतकात, आजचा नकाशा समोर ठेवला की इथंच गल्लत होते.) आपल्याच बेटाच्या इतक्या जवळ राहून परक्यासारखं वागवलं जाणं हा त्यांच्यावर झालेला उघड अन्याय होता. मात्र ‘पहिले भारतीय बिशप’ म्हणताना ‘लॅटिन परंपरेतले’, म्हणजे रोमच्या उपासनापद्धतीतले, हे शब्द जोडा. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती परंपरेचा इतिहास वेगळा आहे.